क्षमा करा म्हणणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावं

माझ्या भावाने वाटणीत काय केलं, ते रहिमतपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुन्हा उगाळत नाही. त्याहून खोल घाव घातला तो आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका वडीलजनांनी. विश्वासाने त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं होतं. पुढच्याच रविवारी तो ‘प्रार्थनेचा विषय’ झाला. “आपली एक बहीण भावावरच्या रागाने जखडली आहे, प्रभू तिला सोडव.” मी डोळे उघडले. पुढच्या बाकावर भाऊ मान खाली घालून ‘आमेन’ म्हणत होता. फसवणाऱ्याला कुणी जाब विचारला नव्हता आणि पापी मी ठरले होते. उपासनेनंतर तेच वडील मला म्हणाले, “ताई, सत्तर वेळा सात, विसरलात का?”

इतक्या वेळा क्षमा करायची, हे नाही विसरले. पण मत्तयाच्या त्याच 18व्या अध्यायात, या वचनाच्या थोडं आधी, येशूने अपराध करणाऱ्या भावाला एकांतात त्याची चूक दाखवायला सांगितलंय. तो ऐकत नसेल तर एकदोघांना सोबत न्यायचं, तरीही ऐकत नसेल तर मंडळीला कळवायचं. हे मला कुणीच वाचून दाखवलं नाही. क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. मी क्षमेसाठी प्रार्थना करते आणि हिस्साही मागते.

साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू करणाऱ्या नारायण वामन टिळकांचं नाव आमच्याकडे अभिमानाने घेतात. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई कोलमडल्या, वेगळ्या राहिल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. ते दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात झाकलं नाही. मग माझ्याकडूनच आठवड्याभरात हसऱ्या साक्षीची अपेक्षा का?

माझ्यासारख्या दुखावलेल्या बहिणींनो, मनातलं सांगायचं तर एकाच माणसाला सांगा, आणि ‘हे प्रार्थनेतही बोलायचं नाही’ असं आधीच स्पष्ट बजावा. व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर काहीच टाकू नका. समेटाच्या बैठकीला एकटीने जाऊ नका. रडू आलं तर रडा, लाजराच्या कबरीकडे जाताना येशूही रडला. विलापाची स्तोत्रं मोठ्याने वाचा. वेळेवर जेवा, झोपा. झोपच उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. त्याने विश्वास उणा होत नाही.

आणि वडीलजनहो, बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते. तुम्ही निदान तासभर तरी बसा.