पिंप उघडण्याआधी

पोरी, भिवंडीत धातूच्या पावडरी तपासायच्या कामाला लागलीस, फार बरं वाटलं. तुझी घाई आत्याला ठाऊक आहे, म्हणून हे लिहून देते. अंजूर फाट्याच्या गर्दीत गाडी अडकली की वाच.

१. आकडे बघण्याआधी पावडर बनली कशी ते विचार — वितळलेल्या धातूच्या धारेवर पाण्याचा मारा केला तर कण ओबडधोबड होतात, वायूचा केला तर गोल. गोल कण झरझर वाहतो. ओबडधोबड कण दाबल्यावर शेजाऱ्यात अडकून घट्ट बसतो.

२. पिंपातली वरची मूठ उचलून तपासायला पळू नकोस — अहिल्यानगरच्या होगानेसच्या कारखान्यातली लोखंडी पावडर माळशेज घाट उतरून येईपर्यंत हादरे खाते. चिवड्याच्या डब्यात मसाला तळाशी जातो, तसे बारीक कण खाली झिरपतात, भरड वर राहतात.

३. नमुनानळी तळापर्यंत घाल, तीन-चार जागी घाल. सगळं एकत्र करून ढीग कर, त्याचे चार भाग पाड आणि समोरासमोरचे दोनच ठेव. नमुना हातात मावेपर्यंत हेच करत राहा. नमुना खोटा, तर तराजू कशाला मोठा?

४. हॉलच्या नरसाळ्यातून ५० ग्रॅम पावडर किती सेकंदांत वाहते ते मोजताना नरसाळ्याला टिचक्या मारत बसायचं नाही; सुरुवातच होत नसेल तर एकच हलकी टिचकी चालते, मध्येच अडली तर तीही नाही — ग्राहकाच्या साच्यावर टिचकी मारायला कोण बसलंय? ‘वाहत नाही’ हासुद्धा निकालच, तो तसाच लिही.

५. २५ घनसेंटिमीटरचं भांडं भरलं की पट्टीने हलकेच सपाट कर, धक्का लावू नकोस — धक्क्याने पावडर दबते आणि घनता फुगते. साचा वजनाने नव्हे, मापाने भरतो. इथला आकडा चुकला की तिथे प्रत्येक बुशचं वजन चुकतं.

६. ३२५ मेशची जाळी वापरण्याआधी उजेडासमोर धर, आणि अडकलेला कण नखाने ढकलू नकोस — तिची भोकं जेमतेम ४५ मायक्रॉनची. फाटकी चाळणी, लटकी मांडणी.

७. जुलैत थंड खोलीतलं पिंप बाहेर आणून लगेच उघडू नकोस, आधी बाहेरच्या हवेइतकं तापू दे — नाहीतर पावडरीवर दव धरतं. ओली पावडर वाहत नाही, लोखंड गंजतं, आणि मग हायड्रोजनमध्ये तापवल्यावर वजन जास्त घटतं.

८. अ‍ॅल्युमिनियमची बारीक पावडर मात्र वेगळी, तिथे माझं ऐकच. सांडली तर हवेच्या नळीने उडवू नकोस, ठिणगी न उडवणाऱ्या अवजाराने हळूच गोळा कर — हवेत पसरलेल्या तिच्या धुळीचा एका ठिणगीने स्फोट होतो.

९. आणि पेटलीच, तर पाणी मारू नकोस, कोरडी वाळू अलगद कडेकडेने घाल — तापलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यातून हायड्रोजन काढतं, शिवाय फवाऱ्याने उरलेली धूळ उडते. वाळूच्या बादलीवर झाकण आहे ना, हे पावसाळ्याआधीच बघून घे. ओली वाळू तिथे पाण्याइतकीच घातक.