पहिली बेस गिटार: दुकानातली किंमत आणि खरा खर्च

अठरा हजारांची बेस गिटार घरी येऊन नीट वाजू लागेपर्यंत खिशातून तीस हजारांच्या आसपास गेलेले असतात. साधी अकूस्टिक गिटार घेतली की त्याच संध्याकाळी वाजवता येते. इलेक्ट्रिक बेसचं तसं नाही. ॲम्प किंवा हेडफोनची सोय नसेल तर तिचा आवाज वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक पालक आणि कॉलेजमधली मुलं सगळे पैसे गिटारवरच घालतात. पुढच्या खर्चाला हात आखडतो आणि शिकणंच थांबतं. म्हणून गिटार निवडण्याआधी अख्खं अंदाजपत्रक मांडा. खाली दिलेले भाव मुंबई-पुण्याच्या बाजाराचा अंदाज यावा म्हणून गोल केलेले आहेत. खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारून खात्री करा.

वाजवणार कुठे, ते आधी ठरवा

कॉलेजचा रॉक बँड, चर्चमधली गाणी, मराठी-हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आणि घरच्या घरी रेकॉर्डिंग, या चारही ठिकाणच्या गरजा वेगळ्या असतात. हिंदी चित्रपटसंगीतात बेसला भारदस्त जागा मिळाली ती राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांमुळे. आज मुंबईची मोहिनी डे याच वाद्यावर जगभर नाव कमावते आहे. त्यामुळे ‘बेस म्हणजे मागे उभं राहून वाजवायचं वाद्य’ हा समज मनातून काढून टाका. मुलाला किंवा मुलीला मनापासून बेसच वाजवायची असेल, तर ‘आधी साधी गिटार शिक’ असा आग्रह धरू नका. बेसवर थेट सुरुवात करता येते.

चार तारा की पाच?

चार तारांची बेस ई, ए, डी, जी अशी लावतात. सर्वांत जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते. पाचव्या तारेने खालचा बी मिळतो, सुमारे ३१ हर्ट्झचा. आधुनिक चित्रपटगीतं आणि गॉस्पेल वाजवणाऱ्यांना तो लागतो. पण पाच तारांची नेक, म्हणजे मान, रुंद असते, न वाजणाऱ्या तारा दाबून गप्प ठेवणं अवघड जातं आणि तारांचा संचही महाग पडतो. शिवाय एवढा खालचा सूर छोट्या ॲम्पमधून स्वच्छ येत नाही. ठराविक गरज नसेल तर पहिली बेस चार तारांचीच घ्या.

पी, जे आणि पीजे

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि १९६० मध्ये जॅझ बेस. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बेस या दोघींच्याच वंशातल्या आहेत. प्रिसिजनची, म्हणजे ‘पी’ची नेक रुंद असते. नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला, ती सुमारे ४१-४२ मिलिमीटर भरते. तिचा आवाज भरीव असतो आणि दुभागलेल्या पिकअपमुळे (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारं चुंबक) गुणगुण येत नाही. ‘जे’ची नेक नटपाशी सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे लहान हाताला सोपी. तिचे दोन पिकअप आवाजाला जास्त छटा देतात. मात्र त्यातला एकच पिकअप उघडा ठेवला की थोडी गुणगुण येते. दोन्ही सारखे उघडले की ती जाते. ‘पीजे’मध्ये पुढे पी आणि मागे जे पिकअप असतो. नवशिक्याला ही जोडी फार सोयीची.

तारेची लांबी, म्हणजे स्केल, बहुतेक बेसवर ३४ इंच असते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना किंवा लहान चणीच्या व्यक्तीला ३० इंची शॉर्ट स्केल बरी पडते. स्क्वायरची ब्रॉन्को तशी आहे. आयबानेझची मायक्रो तर २८.६ इंचांची आहे. डावखुऱ्यांसाठी दुकानात फारसं काही नसतं. त्यांनी आधी फोन करून मागवून घ्यावं, पण हातात घेऊन पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

बाजारातले भाव

*१५ हजारांच्या आत:* यात बिनओळखीच्या ब्रँडच्या बेस येतात. काही चालतात, पण प्रत्येक नग वेगळा निघतो. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोचरी असतात, खुंट्या सैल असतात. जाणकार सोबत नसेल तर या गटात शिरू नका.

*१५ ते ३० हजार:* पहिल्या बेससाठी योग्य गट हाच. स्क्वायर सॉनिक, यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर मालिका आणि कोर्ट ॲक्शन ही इथली भरवशाची नावं. स्क्वायर हा फेंडर कंपनीचाच स्वस्त ब्रँड आहे. यातल्या बहुतेक बेस चीन किंवा इंडोनेशियातल्या कारखान्यांत तयार होतात आणि त्यात कमीपणा काही नाही. यंत्रांनी कापलेल्या नेक आज इतक्या एकसारख्या येतात, की सेटअप नीट केला तर या गिटारी स्टेजवरही लाज आणत नाहीत.

*३० ते ५५ हजार:* स्क्वायर ॲफिनिटीच्या वरच्या बेस, क्लासिक व्हाइब, यामाहा टीआरबीएक्स ३०४, आयबानेझ एसआर ३००. हार्डवेअर आणि पिकअप चांगले मिळतात, फ्रेटचं काम स्वच्छ असतं. दोन वर्षं नियमित वाजवायचंच, असं पक्कं असेल तर इथे घातलेला पैसा वाया जात नाही.

*८० हजारांच्या पुढे:* मेक्सिकोत बनणारी फेंडर इथून सुरू होते. अमेरिकेत बनणारी तर याहून खूपच महाग. पहिल्या खरेदीला याची गरज नाही.

लाकडाच्या जातीवर विक्रेता बरंच बोलेल. पहिल्या दोन गटांत पॉपलर की बासवूड, यावर पैसे वाढवू नका. नेक सरळ आहे का आणि फ्रेट सारखे बसले आहेत का, याने शंभरपट फरक पडतो.

दुकानात अर्धा तास द्या

मुंबईत धोबी तलावचं, १८६५ मध्ये सुरू झालेलं फुर्टाडोज किंवा अशी मोठी दुकानं गिटार हातात देतात. ऑनलाइन स्वस्त दिसली तरी त्याच मॉडेलचा नग आधी दुकानात वाजवून पाहा. काय पाहायचं, ते क्रमाने असं:

१. आधी ट्यूनरवर सूर लावा. बेसुऱ्या बेसची परीक्षा होत नाही.

२. पट्टा लावून उभे राहा आणि हात सोडून द्या. गिटारचं डोकं जमिनीकडे झुकत असेल तर दोन तासांच्या सरावात खांदा दुखणार. वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असतं. त्याहून जड नको.

३. प्रत्येक तारेवर, प्रत्येक फ्रेटवर एकेक सूर वाजवा. कुठे खरखर येते, कुठे सूर लगेच मरतो, ते ऐका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सूर थोडा लवकर विझणं बऱ्याच बेसमध्ये आढळतं. फार ठळक असेल तर दुसरा नग मागा.

४. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. थोडा फरक सेटअपमध्ये निघतो.

५. नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. फ्रेटची टोकं बोचायला नकोत.

६. ॲम्पला जोडून प्रत्येक बटण पूर्ण फिरवा, केबल हलकेच हलवा. कर्कर आवाज आला तर नग बदला.

एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवून वाजवा. फरक कानाला लगेच कळतो आणि निवड सोपी होते.

सेटअप: सगळ्यात मोलाचे दीड हजार

कारखान्यातून निघालेली बेस जहाजातून, गोदामातून प्रवास करून येते. तिच्या तारा अनेकदा उंच असतात. नवशिक्याची बोटं दुखतात आणि त्याला वाटतं, हे आपल्याला जमणार नाही. दोष बहुधा तारांच्या उंचीचा असतो. नेकमधली ट्रस रॉड फिरवून नेकचा बाक नेमका करणं, बाराव्या फ्रेटपाशी तारा दोन-अडीच मिलिमीटरवर आणणं आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरच्या सुराचा अचूकपणा) जुळवणं, याला सेटअप म्हणतात. जाणकार कारागीर हजार ते अडीच हजार घेतो. काही दुकानं खरेदीसोबत तो मोफत करून देतात, म्हणून घासाघीस करताना सवलतीबरोबर सेटअपही मागा.

आपल्या हवेत हे काम एकदाच करून भागत नाही. कोकणातला, मुंबईतला पावसाळा आणि विदर्भातला कोरडा उन्हाळा लाकडाला हलवतो. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर नेक तपासून घ्या. वाजवून झाल्यावर तारा सुक्या कापडाने पुसा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

ॲम्प, केबल आणि वीज

घरातल्या सरावाला थेट गिटारमध्ये बसणारा हेडफोन ॲम्प पुरतो. चार-पाच हजारांत येतो आणि चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांनाही त्रास नाही. २५ ते ४० वॉटचा बेस ॲम्प साधारण १२ ते २५ हजारांत मिळतो. ड्रमसेटसोबत वाजवायचं तर दोन-तीनशे वॉट लागतात. पण असा ॲम्प लगेच विकत घेऊ नका. तालमीच्या स्टुडिओत तो असतो आणि कार्यक्रमात साउंडवाला डीआय बॉक्समधून (गिटार थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) आवाज घेतो.

साध्या गिटार ॲम्पवर बेस मोठ्या आवाजात वाजवली तर स्पीकर फाटू शकतो. गुणगुण फार येत असेल तर आधी घराचं अर्थिंग तपासा. तीन पिनांचा प्लग वापरा, पिन तोडू नका. अर्थिंग नसेल तर शॉकचा धोका असतो.

टीआरबीएक्स ३०४ सारख्या ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. केबल खोचलेली राहिली तर न वाजवताही ती संपते. वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा.

दोन हिशेब

*तीस हजारांत:* बेस १८,०००, सेटअप १,५००, हेडफोन ॲम्प ४,५००, केबल १,०००, पट्टा ८००, बॅग १,५००, क्लिप ट्यूनर ७००, स्टँड १,२००. एकूण २९,२०० रुपये.

*साठ हजारांत:* बेस ३०,०००, सेटअप १,५००, ॲम्प १८,०००, केबल १,२००, पट्टा १,२००, बॅग २,५००, ट्यूनर ८००, स्टँड १,३००, तारांचा जादा संच २,५००. एकूण ५९,००० रुपये.

दोन्हींत गिटारचा वाटा साधारण निम्मा ते साठ टक्के आहे. हे प्रमाण लक्षात ठेवा. गिटार, छोटा ॲम्प आणि बॅग असा तयार संच मिळतो, तो सोयीचा असतो. फक्त त्यातल्या वस्तूंच्या सुट्या किमती विचारा आणि बेरीज करा.

यानंतर येतो वर्षाचा खर्च. .०४५ ते .१०५ इंच जाडीचा निकेल तारांचा संच दोन ते तीन हजारांना पडतो. नवशिक्याने तो वर्षातून एकदा बदलला तरी चालतं. फ्लॅटवाउंड तारा महाग, पण बरीच वर्षं टिकतात आणि बोटांना मऊ लागतात. दोन सेटअपचे तीन हजार धरा. शिक्षकाची फी महिना अडीच हजार धरली तर वर्षाचे तीस हजार होतात, म्हणजे पहिल्या हिशेबातल्या संपूर्ण सामानाएवढे. तरीही कात्री शिक्षकावर चालवू नका. स्वस्त बेस आणि चांगला शिक्षक ही जोडी, महाग बेस आणि एकट्याने केलेल्या धडपडीपेक्षा केव्हाही सरस.

बिल, हमी आणि तुमचे हक्क

खोक्यावरची एमआरपी सर्व करांसहित असते. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असं कोणी म्हटलं तर ठाम नकार द्या. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि उत्पादनाचा देश छापणं बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीतही देशाचा उल्लेख लागतो. पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल व सीरियल नंबर लिहून घ्या. हमीत नेक, इलेक्ट्रॉनिक्स आणि खुंट्यांपैकी काय धरलं आहे ते विचारा. नामांकित ब्रँडच्या नकला बाजारात फिरतात. भाव अविश्वसनीय कमी असेल तर सीरियल नंबर कंपनीकडून तपासून घ्या.

‘शून्य व्याज’ हप्त्यांमध्ये प्रक्रिया शुल्क आणि रोखीची हुकलेली सवलत मिळवून पाहा. खरी किंमत त्यावरून कळते. तक्रार दुकानात सुटली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाचा रस्ता खुला आहे.

ऑनलाइन मागवली असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ करा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत वरची सगळी तपासणी उरका.

जुनी घ्यावी का?

चांगल्या मालिकेची वापरलेली बेस नव्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश किमतीत मिळू शकते. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरते का, नेक पिळली आहे का आणि फ्रेटवर खोल खाचा पडल्या आहेत का, ही तीन उत्तरं जाणकाराकडून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्रेट बदलायला लागणारा खर्च स्वस्ताईचा सगळा फायदा खाऊन टाकतो.

कौल

पहिली बेस चार तारांची, पीजे किंवा जे पद्धतीची, पॅसिव्ह (बॅटरी नसलेली), १५ ते ३० हजारांतली घ्या. सेटअप त्याच आठवड्यात करून घ्या आणि पहिले सहा महिने हेडफोन ॲम्पवर काढा. मोठ्या ॲम्पचे पैसे शिक्षकासाठी राखून ठेवा. वर्षभरानंतर काय हवं ते तुमचे स्वतःचे कान सांगतील, आणि दुसरी खरेदी पहिलीपेक्षा नक्कीच शहाणपणाची होईल.