गिझरखालचा थेंब

नाशिकला बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, न्हाणीघरात 25 लिटरचा गिझर होता. ऐन थंडीत त्याच्या खालच्या बारीक तोटीतून पाणी ठिबकायला लागलं. पाणी वाया गेलेलं बाबांना खपत नाही. त्यांनी बोलावलेल्या प्लंबरने तोटीला डमी ठोकली, थेंब थांबला, चहा झाला. पुढे सासूबाई म्हणायच्या, गरम पाण्याचा नळ सोडला की पहिल्यांदा अंगावर पिचकारी मारतो. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला गिझरच्या बुडातून तांबूस पाणी झिरपू लागलं. आलेल्या मेकॅनिकने टाकीकडे पाहण्याआधी ती डमी पाहिली आणि कपाळावर हात मारला. टाकीचा जोड उकलला होता. गिझर भंगारात गेला, आणि मेकॅनिकच्या मते आम्ही स्वस्तात सुटलो होतो.

ती तोटी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड. पाणी तापलं की फुगतं. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 65 अंशांवर नेलं, तर ते अर्ध्या लिटरला थोडं कमी इतकं वाढतं. याच व्हॉल्व्हमध्ये उलटं पाणी अडवणारी झडपही असते, त्यामुळे वाढलेलं पाणी मागे पाइपात जाऊ शकत नाही. दाब वाढला की ते थेंबाथेंबाने तोटीतून बाहेर पडतं. जुन्या तांब्याच्या बंबाला ही भानगडच नव्हती. एका तोंडातून गार पाणी ओतायचं, दुसऱ्यातून कढत बाहेर, दोन्ही तोंडं कायम उघडी. गिझर बंदिस्त. त्यात थर्मोस्टॅट चिकटला, कटआउटनेही दगा दिला आणि तोटीला डमी असली, तर दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जातं. टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. न्हाणीघराची भिंत तेवढी जागा करून देते.

म्हणून गिझर गळतोय असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कुठून आणि कधी? तापत असतानाच तोटीतून ठिबकत असेल, तर बिघाड नाही. गिझर बंद, पाणी गार, तरी ठिबकतंय? मग व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा क्षार अडकलाय, नाहीतर पाइपातलाच दाब जास्त आहे. पाण्याची दर दहा मीटर उंची साधारण एक बार दाब देते, आणि बहुतेक घरगुती गिझर 8 बारपर्यंतचे. उंच इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा सगळा भार खालच्या मजल्यांवर येतो, त्यातून कुणी प्रेशर पंप लावला असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. सेफ्टी व्हॉल्व्ह खराब असेल तर तेवढाच, त्याच दाबाचा नवा मिळतो.

नळीच्या जोडातून गळत असेल तर काम खरंच छोटं आहे. जाळीच्या नळीत रबरी वॉशर असतो, पाणी तोच अडवतो. तो कडक झाला असेल तर बदला. तिथे टेफ्लॉन टेपचे वेढे देऊन काही साधत नाही, टेप लागते ती आट्यांच्या जोडाला. पान्याला जोर लावण्याचा मोह आवरा. टाकीचा निपल मोडला तर गिझरच गेला.

मात्र विजेचं झाकण जिथे आहे तिथून पाणी येत असेल, तर आपण हात लावायचा नाही. कॉइलचं गॅस्केट गेलेलं असतं आणि पाण्याच्या शेजारी 2000 वॉटची जोडणी असते. ओल्या हाताने गिझरजवळचं बटण चाचपू नका, घरातला एमसीबी खाली करा आणि मेकॅनिकला बोलवा. बुडातून गंजाचं पाणी येत असेल तर टाकी आतून गेली. एम-सील, वेल्डिंग यांत पैसे घालू नयेत. टाकीआधी गंजून झिजावा म्हणून आत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो. बोअरच्या, टँकरच्या जड पाण्यावर तो लवकर संपतो. दरवर्षी सर्व्हिसिंगला तो काढून दाखवायला सांगा. बरेच जण फक्त बाहेरून फडकं मारून जातात.

आणखी एक गोष्ट, जी भल्याभल्यांना फसवते. गिझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून गरम नळ सोडला की पाणी थांबतं आणि टाकी रिकामी झाली असं वाटतं. झालेली नसते. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून नळीने उतरतं, त्यामुळे मागून गार पाण्याचा रेटा थांबला की नळ थांबतो, टाकी मात्र भरलेलीच राहते. मग खालची नळी सोडणाऱ्याच्या अंगावर 25 लिटर पाणी येतं, आणि ते कढत असतं. वीज बंद करून पाणी निवू द्यावं, गरम नळ हवा आत जाण्यासाठी उघडा ठेवावा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून टाकी बादलीत रिकामी करावी. पुन्हा भरताना गरम नळातून हवा न फुरफुरता सलग धार येईपर्यंत बटण लावू नये, नाहीतर कॉइल कोरडी तापून जळते.

बाबांच्या नव्या गिझरच्या तोटीला मी पारदर्शक नळी लावून दिली आहे. ती उताराने जाळीपर्यंत जाते, कुठे पिळलेली नाही, तिचं तोंड उघडं आहे. थेंबांचा त्यांना अजून त्रास होतो. आता त्यांनी तिथे बादली ठेवली आहे आणि साठलेलं पाणी ते अबोलीला घालतात.