अडलेला प्रवाह : पुरुषांतील वंध्यत्व आणि उपचार

लग्नाला चार-पाच वर्षे उलटूनही घरात पाळणा हलला नाही, की मावळातील खेड्यापाड्यांत आजही पहिली चौकशी होते ती सुनेची. कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलला जातो, सुनेच्या तपासण्या होतात आणि अखेरीस दोषही तिच्याच पदरात पडतो. श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या मनाची बाब आहे. परंतु अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णतः वा अंशतः पुरुषाकडे असते, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. म्हणून पत्नीबरोबरच पतीचीही तपासणी पहिल्याच टप्प्यावर व्हावयास हवी.

धरण भरलेले, नळ बंद

लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून वीज निर्माण केली जात आहे. तलाव तुडुंब भरलेला असला, तरी मधला नळ बुजला तर वीजघर बंद पडेल. काही पुरुषांच्या शरीरात नेमके असेच घडते. वृषणात शुक्रजंतू तयार होतात. पण बाहेर येण्याची वाट अडलेली असते.

ही वाट फार नाजूक आहे. वृषणालगतच्या अधिवृषणातील वेटोळी नलिका उलगडली तर सुमारे ६ मीटर भरते. तिच्यापुढील शुक्रवाहिनीची पोकळी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असते. वीर्याचा बहुतेक भाग अन्य ग्रंथींतून येत असल्यामुळे शुक्रजंतू मुळीच नसतानाही वीर्य नेहमीसारखेच दिसू शकते. पौरुषातही काही उणे नसते. त्यामुळे दोष आपल्यात असेल, अशी शंकाही पुरुषाला येत नाही.

अडथळा कशामुळे येतो?

क्षयरोग, परमा व तत्सम लैंगिक रोग यांमुळे नलिकांना सूज येऊन त्या बुजतात. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनीला इजा होऊ शकते. काहींना ती जन्मतःच नसते. पूर्वी देवीच्या रोगामुळेही असे अडथळे येत, मुंबईच्या डॉ. ए. एम. फडके व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्याकडे लक्ष वेधले होते. नसबंदी हा तर हेतुपुरस्सर निर्माण केलेला अडथळाच होय. त्यानंतर अपत्य दगावले किंवा पुनर्विवाह झाला, तर तो दूर करण्याची गरज भासते.

तपासणी

पहिली पायरी म्हणजे वीर्यतपासणी. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा असतो. ही तपासणी वेदनारहित व अल्पखर्चाची आहे. शुक्रजंतू न आढळल्यास ती पुन्हा करून खात्री करून घेतात. वृषणांचा आकार आणि रक्तातील संप्रेरके प्राकृत असल्यास अडथळ्याचा संशय बळावतो. वीर्य फार थोडे असून त्यात फळशर्करा नसेल, तर दोष बहुधा पुरःस्थ ग्रंथीजवळच्या नलिकांत असतो किंवा शुक्रवाहिनीच जन्मतः नसते.

उपचार

औषधाने बुजलेली नलिका उघडत नाही. ‘ताकदीची’ म्हणून दिली जाणारी पुरुषसंप्रेरकाची इंजेक्शने तर शुक्रजंतूंची निर्मितीच थांबवू शकतात. खरा उपाय शस्त्रक्रियेचा आहे. शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याविषयीचे आपले अनुभव मुंबईच्या डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी १९६७ मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केसाहून बारीक धाग्याने टाके घालता येऊ लागले. अमेरिकेतील १९९१ च्या एका मोठ्या पाहणीत, नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत जोडणी केलेल्या ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू पुन्हा दिसले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. पंधरा वर्षांनंतर जोडणी केलेल्यांत हेच प्रमाण ७१ व ३० टक्के होते. तात्पर्य, विलंब जितका अधिक, तितके यश कमी.

जोडणी शक्य नसल्यास सुईने अधिवृषणातून किंवा वृषणातून शुक्रजंतू काढून एकेक शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडता येतो. ही पद्धत १९९२ पासून प्रचारात आली. शुक्रवाहिनी जन्मतः नसणे हा दोष आनुवंशिक असू शकतो. अशा वेळी आधी पती-पत्नी दोघांचीही जनुकीय तपासणी करून घ्यावी. हे उपचार २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्रातच घ्यावेत.

पहिले पाऊल

वर्षभर नियमित सहवास असूनही गर्भधारणा झाली नाही, तर पती-पत्नींनी मिळून जवळच्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. पुढील तपासणीसाठी पुण्यातील मूत्ररोग शल्यचिकित्सक लोणावळा, कामशेत वा वडगावकरांना लोकलच्या अंतरावर आहेत. सर्वच अडथळे दूर होतील, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. पण पतीने केलेल्या एका साध्या तपासणीने पत्नीच्या माथ्यावरचा वर्षानुवर्षांचा बोल उतरू शकतो आणि उपचाराला योग्य दिशा मिळू शकते.