स्की किती लांब, बाइंडिंग कुठे? मालाडहून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशेब

पहिल्या वर्षी भाड्याच्या स्कीवर धडपडणारा माणूस तिसऱ्या वर्षी वळणं घ्यायला लागतो आणि मग स्वतःच्या स्कीचा विचार मनात येतो. मुंबईच्या दुकानांत रुंद स्की पाहून, हाताळून घेण्याची सोय जवळजवळ नाही. मग अमेरिकेतला मावसभाऊ विचारतो, “इथे सेल लागलाय, कितीची लांबी घेऊ?” या एका प्रश्नाचं उत्तर घाईत दिलं तर लाखभर रुपये अडकतात. म्हणून आधी हिशेब, मग लांबी आणि शेवटी बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा भाग), अशा क्रमाने जाऊ.

आधी पैशांचं

अमेरिकेतल्या बाजारात चांगल्या, रुंद ‘ऑल-माउंटन’ स्कीची नवी जोडी साधारण ६०० ते ९०० डॉलरला मिळते. हंगाम संपताना ती बरीच उतरते. बाइंडिंग बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं, त्याचे २०० ते ४०० डॉलर. ते बसवण्याची मजुरी ५० ते १०० डॉलर.

रुपयांत ढोबळ मांडणी करू. सेलमध्ये मिळालेली स्की ६०,०००, बाइंडिंग २५,०००, बसवणावळ ५,००० आणि प्रवासाची पिशवी ८,००० धरली तर एकूण ९८,००० रुपये होतात. विमानतळावर सीमाशुल्क लागलं तर ते वेगळं, म्हणून आणणाऱ्याने पावती जवळ ठेवावी.

आता भाड्याचा हिशेब. रुंद स्कीला दिवसाला १,५०० रुपये धरले तरी सहा दिवसांचे ९,००० होतात. म्हणजे वर्षातून एकच आठवडा जाणाऱ्याचे पैसे वसूल व्हायला जवळजवळ अकरा वर्षं लागतील. बाइंडिंगचं मॉडेल साधारण दहा वर्षांनी जुनं झालं की कंपन्या ते आपण जबाबदारी घेतो त्या मॉडेलांच्या यादीतून काढतात आणि परदेशातली जबाबदार दुकानं त्याला हात लावत नाहीत. त्यामुळे वर्षातून एक आठवडा जाणाऱ्याने स्की विकत घेऊ नये. हंगामात दोन-तीन फेऱ्या करणाऱ्याने, किंवा परदेशात राहून दर शनिवार-रविवार डोंगरावर जाणाऱ्यानेच पुढचं वाचून खरेदीला लागावं. बाकीच्यांना हेच ज्ञान भाड्याच्या दुकानात उपयोगी पडेल.

शिकायला सुरुवातच करायची असेल तर गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांचे अभ्यासक्रम पाहा. अशा ठिकाणी साहित्य बहुधा शुल्कातच येतं. त्यामुळे पहिल्या वर्षी कपडे आणि हातमोजे सोडून काही विकत घेऊ नका.

रुंद स्की कोणाला हवी?

बुटाखालच्या, म्हणजे स्कीच्या कंबरेच्या रुंदीवरून तिची जात ठरते. ७० ते ८५ मिलिमीटरची स्की दाबलेल्या, कडक बर्फावर चटकन कडेवर येते. ९५ ते १०५ मिलिमीटरची स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते. गुलमर्ग गावाची उंची सुमारे २,६५० मीटर. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडुरीपर्यंत आणि दुसरा अफरवाटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरच्या न दाबलेल्या, खोल बर्फात रुंद स्कीचा खरा उपयोग. खालच्या सराव-उतारावर तीच स्की वळवायला जड जाते आणि गुडघे दुखवते.

म्हणून भाड्याने घेतानाही पहिले दोन दिवस अरुंद आणि वर जायचं ठरलं की रुंद, अशी अदलाबदल होईल का ते दुकानदाराला आधीच विचारा. दुसऱ्या टप्प्यावरून मळलेली वाट सोडून उतरायचं असेल तर हिमस्खलनाचा इशारा पाहा आणि मार्गदर्शक, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा शोध घेणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) यांचा खर्च आधी धरा. स्की त्यानंतर.

लांबी कशी ठरवायची?

स्की उभी धरून अंगाशी लावली की ढोबळ अंदाज येतो. नवशिक्याला हनुवटी ते नाक, वळणं जमणाऱ्याला नाक ते कपाळ, वेगात जाणाऱ्या पक्क्या स्कीपटूला डोक्याइतकी किंवा त्याहून थोडी जास्त. पण हा फक्त अंदाज आहे. स्कीला तुमची उंची कळत नाही, ती वाकते वजनाने. म्हणून उंचीइतकंच वजन मोजा.

दुसरी गोष्ट रॉकरची. रुंद स्कीची दोन्ही टोकं बहुधा वर उचललेली असतात. कडक बर्फावर ती टोकं जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे १७८ सेंटिमीटरची स्की प्रत्यक्षात त्याहून आखूड वाटते. म्हणून रॉकर असलेली रुंद स्की नेहमीच्या लांबीपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर जास्त घेतली तरी चालते.

उदाहरण घ्या. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो, वळणं बऱ्यापैकी जमतात. दाबलेल्या बर्फासाठी १६३ ते १६८ पुरेशी. रुंद रॉकर स्की १७० ते १७६. वजन ८५ किलो असेल तर त्यातली वरची लांबी, ५८ किलो असेल तर खालची. दोन लांबींच्या मध्ये अडकलात, तर झाडांतून आणि हळू जाणाऱ्याने आखूड घ्यावी, मोकळ्या उतारावर वेगाने जाणाऱ्याने लांब. कंपन्यांची मोजण्याची पद्धत सारखी नसते. छापील आकडा आणि टेपने मोजलेली लांबी यांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. मित्राची १७७ तुम्हाला जमली, तरी दुसऱ्या कंपनीची १७७ तशीच वागेल असं धरून चालू नका.

बाइंडिंग कुठे बसवायचं?

इथे चूक महाग पडते, कारण स्कीला भोकं पाडली जातात. स्कीवर कंपनीने एक रेघ दिलेली असते आणि बुटाच्या बाजूला तळव्याचा मध्य दाखवणारी खूण असते. खूण रेघेवर आली की बाइंडिंग कंपनीच्या शिफारशीप्रमाणे बसलं.

ही रेघ स्कीच्या बरोबर मध्यावर नसते. खोल बर्फासाठी बनवलेल्या, एकाच दिशेने जाणाऱ्या स्कीत ती मध्याच्या ८ ते १२ सेंटिमीटर मागे असू शकते. उड्या आणि कसरतींच्या स्कीत ती मध्याच्या जवळ येते. बाइंडिंग रेघेपुढे सरकवलं की स्की चटकन वळते, पण पुढचं टोक आखूड पडतं आणि खोल बर्फात बुडू लागतं. मागे सरकवलं की तरंगणं आणि सरळ रेषेतली स्थिरता वाढते, पण वळवायला जोर लागतो. एका सेंटिमीटरचा फरकही पायांना कळतो.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: पहिली रुंद स्की घेणाऱ्याने रेघेवरच बसवावं. कंपनीने स्कीचा आकार आणि लवचिकता त्याच बिंदूभोवती बेतलेली असते. लांब स्की घेऊन ती वळत नाही म्हणून बाइंडिंग पुढे आणणं हा चुकलेल्या लांबीवरचा इलाज नाही. प्रयोग करायचाच असेल तर रुळावर पुढे-मागे सरकणारं डेमो बाइंडिंग घ्या. ते थोडं जड असतं, पण नवी भोकं न पाडता जागा बदलता येते आणि घरातल्या दोघांना वेगवेगळ्या बुटांवर तीच स्की वापरता येते.

बसवण्याआधी हे तपासा:

• बूट आधी घ्या. तळव्याची लांबी बुटावर मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती कळल्याशिवाय भोकं पाडू नका. बुटाचा तळवा ग्रिपवॉक आहे की साधा अल्पाइन, आणि बाइंडिंगला तो चालतो का, तेही पाहा.

• ब्रेकची रुंदी स्कीच्या कंबरेइतकी किंवा त्याहून १० ते १५ मिलिमीटर जास्त असावी. १०० मिलिमीटरच्या स्कीवर ९० चा ब्रेक बसणार नाही.

• स्कीवर ड्रिलचा आकार छापलेला असतो. धातूचा थर असलेल्या मोठ्यांच्या स्कीला साधारण ४.१ मिलिमीटर जाडीचं आणि ९ मिलिमीटर खोलीचं भोक लागतं.

• पुन्हा बसवायची वेळ आली तर जुन्या आणि नव्या भोकांत किमान सेंटिमीटरभर अंतर हवं. एका स्कीवर तिसऱ्यांदा ड्रिल करणं टाळावं.

• बूट सुटण्याचा आकडा, म्हणजे डिन, वजन, उंची, वय, कौशल्य आणि तळव्याची लांबी यांवरून तक्त्याने काढतात. तो अंदाजाने घट्ट करू नका. पडल्यावर बूट सुटला नाही तर गुडघा जातो.

हे काम साचा असलेल्या स्कीच्या दुकानातच करवून घ्या. मालाडमधला सुतार कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नाही. परदेशातून स्की येणार असेल तर बूट तिकडे पाठवून बाइंडिंग तिथेच बसवून आणावं.

प्रवास आणि मालाडचं हवामान

बाइंडिंगसह रुंद स्कीची जोडी पाच ते सहा किलोची, बूट साडेतीन ते चार किलोचे. श्रीनगरच्या विमानात १५ किलोची मर्यादा असेल तर कपडे धरून ती सहज ओलांडली जाते. तिकीट काढतानाच क्रीडासाहित्याचा दर विचारा आणि लांब पिशवी आगाऊ नोंदवा. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर आहे. वर कॅरियर असलेली गाडी ठरवा.

मार्वे-मढच्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्याच्या दमटपणात स्कीच्या पोलादी कडा लवकर गंजतात. परतल्यावर स्की पुसून पूर्ण वाळवा, तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर द्या आणि तो पुढच्या हंगामापर्यंत तसाच राहू द्या. बंद पिशवीत किंवा गच्चीवरच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका. पलंगाखाली, कोरड्या जागी, सपाट ठेवणं उत्तम.

निवाडा

शिकण्याचं पहिलं वर्ष सरलं की पहिला खर्च बुटांवर करा. ३५,००० ते ६०,००० रुपयांत पायाला नीट बसणारा बूट मिळाला तर भाड्याची कुठलीही स्की सुधारते, फक्त दुकानाच्या बाइंडिंगला तो चालतो का ते पाहा. मग दोन हंगाम वेगवेगळ्या लांबीच्या रुंद स्की भाड्याने वापरा आणि लांबी, रुंदी आणि कंपनी वहीत लिहून ठेवा. मावसभावाला हो म्हणायचं ते त्यानंतर, आणि बाइंडिंग कंपनीच्या रेघेवरच बसवायला सांगा.