पश्चात्ताप केला, पण टिकला नाही

प्रश्न : पाळकसाहेब, उपवासकाळात मंडळीसमोर रडून पश्चात्ताप केला, दारू सोडली. पोळ्यानंतर पुन्हा सुरू झाली. मोठ्या भावाचे सोयाबीनचे पैसेही त्यात उडवले. माझा पश्चात्ताप खोटा होता का?
– एक वाचक, वलगाव

उत्तर : भाऊ, तो खोटा नव्हता, अर्धवट राहिला. लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय पाहा. प्रभू घरी आला तेव्हा त्याने थेट हिशोबच मांडला : निम्मी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. तुमचा हिशोब अजून मांडायचाच आहे. भावाकडे जा, नेमकी रक्कम स्वतःच्या तोंडाने सांगा. कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे हाती आले की थोडे त्याच्याकडे पोचवा. हिशोब वहीत लिहा, वही बायकोकडे ठेवा.

पडलात म्हणून देवाने टाकलं, असं मानू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तारणाचा खरा अनुभव मात्र काही वर्षांनी आला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, तरी मेंढरं त्याच्याच हाती सोपवली गेली.

दारू रोजची असेल तर एकदम तोडू नका. हातपाय थरथरतात, झटकेही येतात. आधी अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. मंडळीतल्या एका खात्रीच्या माणसाला रोज संध्याकाळी, गुत्त्याकडे पाय वळतात त्याच वेळेला, घरी बोलवा. आणि भावाकडे या रविवारीच जा.