चिऊच्या अभ्यासाची जागा

मिरज, 12 मे

चि. बाळ यास,


चिऊच्या अभ्यासाच्या जागेसाठी सुताराने काढलेलं, तू पाठवलेलं चित्र पाहिलं आणि त्याखालचा आकडाही पाहिला. 42,000 रुपये! 420 चौरस फुटांच्या घरात भिंतभर कपाट, त्यातून बाहेर आलेलं मेज, वर खण, खाली खण, शिवाय ग्लोब ठेवायला गोल कप्पा. अरे, तुझी लेक पाचवीत चालली आहे, मामलेदार कचेरीत नाही. रागावू नकोस. फोनवर बोलायला गेले की तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि मनातलं तेच करतोस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

आधी त्या चित्राबद्दल. खिडकी चिऊच्या डाव्या हाताला येईल असं मेज काढलंय. उजेड डावीकडून हवा, हे सुताराला कुणीतरी शिकवलंय आणि ते बरोबरच आहे, पण उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी. आपली चिऊ डावखुरी. तिच्या हाताची सावली तिच्याच अक्षरांवर पडणार, मग ती मान वाकडी करणार, वही तिरकी करणार आणि सूनबाई म्हणणार, "सरळ बस की गं." मी शाळेत शिकवायची तेव्हा अशा डावखुऱ्या मुलांना बाकाचं टोक बदलून द्यायची. तिला उजेड उजवीकडून हवा. तुमची खिडकी दक्षिणेला आहे, तेव्हा तिला पूर्वेकडे तोंड करून बसव. तुझ्या सासूबाईंचा पूर्वेचा आग्रह आहेच. त्यांचं शास्त्र आणि माझा उजेड पहिल्यांदाच एका बाजूला पडले, तर होऊन जाऊ दे.

रात्रीचंही बघ. तुमची ट्यूब खोलीच्या मध्यावर आहे आणि भिंतीकडे तोंड करून बसलं की डोक्याची सावली थेट पुस्तकावर येते. उजव्या बाजूला साधा टेबल लॅम्प ठेव, 9 वॅटचा एलईडी पुरतो. बल्ब तिच्या डोळ्यांना दिसता कामा नये, नुसता कागद उजळला पाहिजे. आणि लॅम्प लावला म्हणून वरची ट्यूब बंद करू नका. अंधाऱ्या खोलीत तेवढ्याच एका उजेडाच्या गोळ्यात वाचलं की डोळे शिणतात. वीज वाचवायची तर गीझरकडे बघा.

आता उंची. बाजारातली मेजं 30 इंच उंच असतात, म्हणजे तुझ्या मापाची. साडेचार फुटांच्या मुलीला साधारण 23 इंचांचं मेज आणि 14 इंचांची बैठक लागते. फूटपट्टी नसली तरी ओळखता येतं: खांदे न उचलता कोपर मेजावर टेकलं पाहिजे आणि दोन्ही तळवे जमिनीला लागले पाहिजेत. पाय लोंबकळणारं मूल चुळबुळ करतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. मोठ्या मेजावरच बसवायची वेळ आली तर खुर्चीत घट्ट उशी आणि पायाखाली पाट दे. पण हे सगळं वर्षभराचं. या वयात पोरं वर्षाला दोन-अडीच इंच वाढतात, भिंतीत ठोकलेलं मेज वाढत नाही.

यापुढचं जरा माझ्या चुकीबद्दल आहे. तुझ्या आतेभावासाठी मी गच्चीवर स्वतंत्र खोली बांधली होती, आठवते? पतपेढीचं कर्ज काढून. मेज, खुर्ची, कपाट, दाराला कडी. तो आठवडाभर कौतुकाने बसला. मग दुपारी वर जाऊन झोपायला लागला आणि संध्याकाळी वही घेऊन पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात, मी भाकरी थापत असायची तिथे. मी त्याला दोन-तीनदा हाकललंसुद्धा. त्या पोराला खोली नको होती, माणूस हवं होतं. हाक मारली तर "ओ" देईल एवढ्या अंतरावर. हे मला फार उशिरा कळलं, आणि मी शाळामास्तरीण! चिऊच्या वयाला तर ते फारच हवं असतं. तेव्हा बेडरूमच्या कोपऱ्यात दार लोटून बसवण्यापेक्षा बाहेरच्या खोलीतच, स्वयंपाकघरातून पाठ दिसेल अशा ठिकाणी बसव.

आवाजाचं काय, असं तू विचारशील. माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांच्या पिठाच्या गिरणीत मागच्या पोत्यावर बसून गणितं करायचा आणि वर्गात पहिला यायचा. गिरणीची घरघर, पंखा, मिक्सर, रस्ता, यांची सवय होते. बोलण्याची होत नाही. शेजारी कुणी समजेल असं बोलू लागलं की कान तिकडे जातातच. मालिकेतल्या सासूचं एक वाक्य पुरतं. म्हणजे कुकरची शिट्टी चालेल, टीव्ही चालणार नाही. इथे गाडी तुझ्यावर येते, बाळ. संध्याकाळी आल्या आल्या रिमोट कोण हातात घेतं?

आपल्या सांगली जिल्ह्यातलंच मोहित्यांचे वडगाव बघ, कडेगाव तालुक्यातलं. तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजतो, तोवर पोरं अभ्यासाला. गावाने ठरवलं म्हणून झालं, कुणा सुताराला बोलावलं नाही. तुमच्या इमारतीत भोंगा कोण वाजवणार? पण घरापुरतं सात ते साडेआठ ठरवता येईल. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो हे मला ठाऊक आहे. तो आधी वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावायचा. तुझासुद्धा.

जागेचं रडगाणं मात्र मला सांगू नकोस. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत शिकले. घर एका खोलीचं, माणसं पुष्कळ. मग त्यांच्या वडिलांनी, रामजीबाबांनी, काय केलं? पोराला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं आणि दोनला त्याला उठवून आपण आडवं व्हायचं. घर निजलेलं असताना रॉकेलच्या दिव्यावर त्यांचा अभ्यास चाले. आणि दिवसा वाचायला चर्नी रोडची बाग. तिथेच केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. मी वर्गात हे दरवर्षी सांगायची. पोरं दिव्याबद्दल विचारायची. मला नेहमी त्या दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या बापाचं कौतुक वाटत आलं आहे. वरळीला अजून एक रस्ता अभ्यास गल्ली म्हणूनच ओळखला जातो, चाळीतल्या कितीतरी मुलांनी तिथल्या दिव्यांखाली परीक्षांची तयारी केली. चिऊ दहावीला पोहोचली की तीही घर सोडून एखादी अभ्यासिका शोधेल. तेव्हा अडवू नकोस.

बाकी किरकोळ. पेन्सिली, खोडरबर, पट्टी, टोकयंत्र, कंपास एका डब्यात, हाताशी. नाहीतर पोरगी दर दहा मिनिटांनी उठते आणि वाटेत फ्रिज उघडते. पाण्याची बाटली खाली जमिनीवर, वहीशेजारी नको. समोरच्या भिंतीवर वेळापत्रक लाव, पण तुम्हाला आवडणारी सुविचारांची पोस्टरं लावू नका. जागा कुठली, हे तिलाच ठरवू दे. मी वर सांगितलेल्या कोपऱ्यापेक्षा निराळी म्हणाली तरी आठवडाभर तिचं ऐक. आणि ती जागा एकदा तिची झाली की तिथे इस्त्रीचे कपडे ठेवायचे नाहीत, ही सूनबाईला माझी विनंती.

माळ्यावरचं माझं बैठं डेस्क उतरवलंय, दुकानात मुनीम वापरत तसलं, उतरत्या झाकणाचं. मी चौथी ते सातवी त्यावरच लिहिलं. झाकण उचललं की आत वह्या मावतात. उजव्या कडेला शाईचा डाग आहे, तो राहू दे, पॉलिश करू नकोस. शेजारचे काका रविवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघताहेत, सोमवारी पहाटे कल्याणला उतरवून घे. खाली जाड सतरंजी घाल, वर लॅम्प ठेव. शाळा उघडायला अजून महिना आहे. सुताराला अ‍ॅडव्हान्स दिला नसशील तर तेवढं थांब, आणि दिला असशील तर मला खरं सांग.

सूनबाईला आशीर्वाद. चिऊला पापा.

तुझी,
आत्या